नीला निळी का?

विचारणा अशी: शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत धमन्या लाल आणि शिरा निळ्या दाखवतात. विश्वकोशात शिरेला तर चक्क 'नीला' म्हटलं आहे. मग शरीराच्या आत 'अशुद्ध' रक्त निळं असतं आणि बाहेर हवा लागली की लाल होतं, हे खरं आहे का? नसेल तर हे नाव आलं कुठून?

आधी रंगाचं मिटवू. माणसाचं रक्त आत-बाहेर कुठेही निळं नसतं. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलेला असला की ते लालभडक दिसतं, तो सुटला की काळपट लाल. आणि सगळा कुठे सुटतो? स्वस्थ बसलेल्या माणसाच्या धमनीत हिमोग्लोबिनच्या सुमारे ९७-९८ टक्के जागा ऑक्सिजनने भरलेल्या असतात, शिरांतून परतणाऱ्या रक्तातही सुमारे ७५ टक्के. तपासणीसाठी कोपराच्या खोबणीतून रक्त काढतात ते शिरेतलंच. निर्वात नळीत उतरतं, म्हणजे हवा लागायची सोय नाही, तरी दिसतं कोकमाच्या आगळासारखं.

निळी दिसते ती त्वचेखालची शीर, आणि तो प्रकाशाचा खेळ आहे. लाल प्रकाश त्वचेत खोल शिरतो, निळा वरच्यावर परततो. खाली शीर असेल तिथे खोल गेलेला लाल प्रकाश रक्तात बराचसा जिरतो, म्हणून आजूबाजूच्या कातडीच्या मानाने त्या पट्टीतून लाल कमी येतो. डोळा तुलना करतो आणि 'निळं' म्हणतो. १९९६ साली काही संशोधकांनी मोजमापं घेऊन हेच दाखवलं. आपल्याकडे बोलताना तर कितीतरी लोक 'हातावरच्या हिरव्या शिरा' म्हणतात. पण म्हणून हिरवं रक्त कोणी मानलेलं ऐकलं नाही!

आता शब्दाकडे. विश्वकोशी मराठीत धमनीला 'रोहिणी' आणि शिरेला 'नीला' म्हणतात. ही दोन्ही नावं आयुर्वेदाच्या सुश्रुतसंहितेत शेजारी-शेजारी सापडतात. तिच्या शारीरस्थान या भागाच्या सातव्या अध्यायात सातशे सिरा सांगितल्या आहेत, वात, पित्त, कफ आणि रक्त यांच्या प्रत्येकी १७५. वाताच्या अरुण, कफाच्या गौर, आणि 'पित्तादुष्णाश्च नीलाश्च', म्हणजे पित्ताच्या उष्ण व निळ्या. रक्त वाहणाऱ्या कोणत्या? 'असृग्वहास्तु रोहिण्यः'. रोहिणी म्हणजे तांबूस. आकाशातली रोहिणीही तांबूसच. थोडक्यात, सुश्रुताच्या मांडणीत नीला रक्ताची नव्हेच, पित्ताची. आजच्या मराठी परिभाषेत मात्र रोहिणी म्हणजे हृदयाकडून निघणारी वाहिनी आणि नीला म्हणजे हृदयाकडे परतणारी. शब्द जुने, अर्थ नवे. त्यातून संस्कृतातला 'नील' आपल्या 'निळ्या'पेक्षा ऐसपैस आहे, गडद काळ्यापर्यंत पोचतो. आपणही मार लागलेलं अंग 'काळंनिळं' पडलं म्हणतो, दोन्ही रंग एका दमात.

खरी गंमत 'रक्त' या शब्दात आहे. 'रञ्ज्' म्हणजे रंगणे, त्यावरून 'रक्त' म्हणजे रंगलेलं, तांबडं. रंग, राग, अनुरक्त, विरक्त ही सगळी त्याच घरातली भावंडं. 'रक्तरंजित' लिहिताना आपण एकच धातू दोनदा वापरतो, हे लक्षातही येत नाही. रुधिर, लोहित, शोणित यांचाही मूळ अर्थ तांबडं असाच. जिथे पदार्थाचं नावच रंगावरून पडलं, तिथे 'निळं रक्त' ही शब्दांचीच मारामारी झाली. (खानदानी माणसाला 'निळ्या रक्ताचा' म्हणतात ती कल्पना स्पेनची. तिथल्या गोऱ्या उमरावांच्या कातडीतून शिरा उठून दिसत. मराठीत ती भाषांतरातून आली, मला तरी ती उपरीच वाटते.)

'अशुद्ध रक्त' हाही शब्द मला खटकतो. शिरेतल्या रक्तात घाण नसते. ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त, एवढंच. शिवाय जुन्या मराठीत 'अशुद्ध' म्हणजेच रक्त, शुद्ध-अशुद्ध असा भेद न करता. तेव्हा ऑक्सिजनविरहितही नको, कारण वरचे ७५ टक्के. मुलांना 'कमी ऑक्सिजनचं रक्त' सांगावं. लांब आहे, पण खरं आहे.

नीला शब्द टाकून द्यावा का? मी नाही टाकणार. फक्त तो रक्ताचा रंग सांगत नाही, वाहण्याची दिशा सांगतो, हे शिकवणाऱ्याने आधी सांगावं. नाहीतर फुप्फुसापाशी घोटाळा ठरलेला. हृदयाकडून फुप्फुसाकडे जाते ती फुप्फुस-रोहिणी, नावाने तांबूस, पण तिच्यातलं रक्त काळपट. आणि फुप्फुसात ऑक्सिजन भरून घेतलेलं, सगळ्यात लालभडक रक्त हृदयाकडे आणते तिचं नाव फुप्फुस-नीला.