गोव्याला जपानी-भूमध्य जेवायला जातोयस ना, मग हे ऐक

बेळगावातनं निघताना पोटभर खाऊन निघू नकोस. तिथं पदार्थ छोट्या ताटल्यांत, एकेक करून येतात. दोघांत तीन मागवा, मग पुढचं बघा.

हमसला बिचकू नकोस. काबुली चणे आणि तिळाचं वाटण, वर ऑलिव्ह तेल. तीळ आपल्या ओळखीचाच की. वसाबी, म्हणजे जपानी झणझणीत हिरवं वाटण, मात्र हिरवी चटणी समजून बोटभर घेऊ नकोस! मी घेतली होती. झणका जिभेला लागत नाही, थेट नाकात चढतो, डोळ्यांतनं पाणी. तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. निगिरी सुशी (भाताच्या मुटक्यावर माशाचा काप) उलटी करून माशाची बाजू सोया सॉसला जेमतेम टेकव. भात बुडवलास तर सुटतो. हातानं खाल्लीस तरी चालतं, जपानमध्येही खातात. चॉपस्टिक भातात उभ्या रोवू नकोस, तिकडं मृतासाठी ठेवलेल्या भातात तशा रोवतात.

आई शाकाहारी आहे ना? मग मिसो सूपचं (आंबवलेल्या सोयाबीनचं सूप) आधी विचार, त्यातल्या दाशीत, म्हणजे सूपच्या मूळ रश्श्यात, बहुतेकदा सुका मासा असतो. टेम्पुरा, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेला पदार्थ, भाज्यांचा मिळतो, तो घ्या. ही तळायची रीत १६व्या शतकात पोर्तुगीजांनीच जपानला नेली.

बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर तो ऐच्छिक असतो. नको असेल तर काढायला सांग, लाजू नकोस.