न्यू जर्सीत गळ टाकण्याआधी: परवाना कुणाला, आणि पैसे कशासाठी

एडिसनला येऊन आपल्याला ३ महिने झाले आहेत, मुले ९ आणि १४ वर्षांची आहेत, रत्नागिरीहून ६८ वर्षांचे वडील महिनाभरासाठी येत आहेत. तेव्हा तळ्यावर आणि समुद्रावर मासे धरायला परवाना कुणाकुणाला लागेल, आणि मासा परत पाण्यातच सोडायचा तर पैसे का भरायचे, असे आपण विचारले आहे.

मुलांचा प्रश्न सोपा आहे. १६ वर्षांखालील कुणालाही परवाना लागत नाही. घोळ आपल्या स्वतःच्या बाबतीत आहे. रहिवासी दराचा, म्हणजे सुमारे साडेबावीस डॉलरचा परवाना घेण्यासाठी अर्ज करण्यापूर्वीचे सलग ६ महिने राज्यात वास्तव्य असावे लागते. त्यामुळे हातात न्यू जर्सीचे ड्रायव्हिंग लायसन्स असले, तरी तूर्त आपल्याला बाहेरच्यांच्या दराने, सुमारे ३४ डॉलर मोजावे लागतील. परवाना कॅलेंडर वर्षाचा असतो, ३१ डिसेंबरला संपतो, म्हणून ऑक्टोबरात घेणाऱ्याने दोनदा विचार करावा. सत्तरीनंतरची फुकट सवलत केवळ रहिवाशांना आहे, आणि वडील अजून सत्तरीचेही नाहीत, त्यामुळे त्यांचे वय तिथे उपयोगाचे नाही. त्यांना एखाद्याच शनिवार-रविवारी यायचे असेल तर बाहेरच्यांसाठी असलेला २ किंवा ७ दिवसांचा परवाना स्वस्त पडेल. ट्राउट हा थंड गोड्या पाण्यातला मासा धरायचा असल्यास वेगळा ट्राउट स्टॅम्प, म्हणजे जादा पैशांचा जोडपरवाना, लागतो. परवाना घेताना दर एकदा पडताळून घ्यावेत. जून आणि ऑक्टोबरमध्ये एकेक दिवस परवान्याविना गोड्या पाण्यात मासेमारी करता येते. वडिलांचा मुक्काम त्या सुमारास असेल तर उत्तमच.

हे सारे गोड्या पाण्याचे झाले. खाऱ्या पाण्यात गळ टाकायला इथे परवानाच नाही, फक्त १६ वर्षांवरील प्रत्येकाने दरवर्षी एक मोफत नोंदणी करायची असते. फुकट आहे म्हणून ती टाळणारे आपल्यातच पुष्कळ आहेत, आणि मला त्याचा राग येतो. किती माणसे किती वेळा समुद्रावर जातात, हे पाहणीतून मोजूनच हौशी मासेमारीत किती मासे धरले गेले याचा अंदाज बांधला जातो, आणि ती पाहणी कुणाची करायची हे अशाच नोंदींवरून कळते. मासा किती उरला आणि किती धरू द्यायचा, हे अशा अंदाजांशी जोडलेले असते. स्ट्राइप्ड बास या किनाऱ्यावरच्या माशाचे उदाहरण पाहा. १९८० च्या दशकात हा मासा इतका घटला होता की मेरीलँडने १९८५ पासून काही वर्षे त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली. पुढे तो सावरला, पुन्हा घसरला, आणि मे २०२३ मध्ये किनाऱ्यावरच्या राज्यांच्या आयोगाने तातडीने कमाल लांबी ३१ इंचांवर आणली. आता २८ ते ३१ इंचांतला एकच मासा ठेवता येतो. त्याहून मोठी मादी सोडायची, कारण अंडी तीच सर्वाधिक घालते. आपल्याकडे लहान मासा सोडावा एवढे सांगितले जाते. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवला. पण मोठाही सोडावा, ही गोष्ट आमच्या मालवणच्या काकांना मी अजून पटवू शकलेलो नाही.

आता पैशांविषयी. १९५० च्या अमेरिकेच्या एका केंद्रीय कायद्याने, डिंगेल-जॉन्सन असे त्याचे नाव, काठी, रीळ, गळ अशा साहित्यावर उत्पादकाकडून साधारणतः १० टक्के कर घेतला जातो, आणि १९८४ पासून त्यात मोटरबोटींच्या इंधनावरील कराचीही भर पडते. तो पैसा राज्यांना ६० टक्के परवानाधारकांच्या संख्येवर आणि ४० टक्के क्षेत्रफळावर वाटला जातो, मात्र कोणत्याही राज्याला एका टक्क्याहून कमी किंवा ५ टक्क्यांहून अधिक मिळत नाही. प्रकल्पाच्या खर्चापैकी ७५ टक्क्यांपर्यंत केंद्र देते, उरलेला वाटा राज्याने घालायचा, आणि तो बहुधा परवान्याच्या पैशातूनच येतो. परवान्याचे पैसे राज्याने रस्त्यांकडे किंवा शाळांकडे वळवले तर केंद्राचा निधी गमावण्याची वेळ येते. त्यामुळे आपण भरलेले पैसे माशांपाशीच राहतात. वॉरेन काउंटीतल्या पेक्वेस्ट हॅचरीत, म्हणजे राज्याच्या मासे वाढवण्याच्या केंद्रात, हे डोळ्यांनी पाहता येते. लांबलचक उघड्या हौदांतून वाहत्या पाण्यात रेनबो ट्राउट वाढवले जातात आणि तेच वसंतात ओढ्यांत सोडले जातात. मुलांना घेऊन जा. राज्याचा मूळचा ब्रुक ट्राउट मात्र उत्तरेकडील संरक्षित ओढ्यांत सापडल्यास तत्काळ सोडावा लागतो.

खेकड्यांविषयी आपण विचारलेले नाही, पण वडील कोकणातले असल्याने ते विचारतीलच. दोरीला कोंबडीची तंगडी बांधून पुलावरून किंवा धक्क्यावरून खेकडे धरायला परवाना लागत नाही. पिंजऱ्यासारखी पॉट पाण्यात ठेवून द्यायची असल्यास मात्र लागतो. कवचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेचार इंचांहून लहान कडक कवचाचा खेकडा परत टाकायचा. गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या बादलीतला एक सव्वाचार भरला होता, आणि अधिकारी पट्टी काढेपर्यंत मी त्याला साडेचारच समजत होतो, तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका, पट्टी सोबत ठेवा. पोटाखाली नारिंगी अंड्यांचा गोळा असलेली मादी कितीही भरलेली दिसली, तरी तिथल्या तिथे पाण्यात सोडायची.