पीएचपीला मायएसक्यूएल का सापडत नाही?

प्रश्न: सर्व्हरवर पीएचपी नव्याने टाकलं. मायएसक्यूएल डेटाबेस चालू आहे, टर्मिनलवरून लॉगिन होतं, टेबलं पण दिसतात. पण ब्राउझरमध्ये पान उघडलं की ‘कॉल टू अनडिफाइंड फंक्शन मायएसक्यूएलआय_कनेक्ट’ असा एरर येतो. पासवर्ड दहादा तपासला, पीएचपी काढून परत टाकलं, तरी तेच. काय चुकतंय?

उत्तर: पासवर्डचा इथे काही संबंधच नाही हो, तो चुकला असता तर ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं असतं. तुमचं गाडं तिथपर्यंत पोचतच नाहीये, पीएचपीला ते फंक्शनच माहीत नाही. म्हणजे डेटाबेस ठणठणीत आहे, फक्त त्याच्याशी बोलणारं एक्स्टेन्शन, म्हणजे पीएचपीचा जोडभाग, लोड झालेलं नाही. उबुंटू किंवा डेबियनवर त्याचं वेगळं पॅकेज असतं, पीएचपी-मायएसक्यूएल, ते टाकायचं राहिलं असणार.

पण आधी एका फाइलीत पीएचपीइन्फो (पीएचपीची सगळी माहिती दाखवणारं फंक्शन) लिहा आणि ती ब्राउझरमध्येच उघडा, टर्मिनलवर तपासू नका, कारण टर्मिनलचं पीएचपी आणि वेब सर्व्हरचं पीएचपी बऱ्याचदा वेगवेगळी आयएनआय फाइल, म्हणजे सेटिंग्जची फाइल, वाचतात, कधी तर व्हर्जनच वेगळं असतं, आणि माणूस चुकीच्या फाइलीत बदल करत बसतो. पानावर ‘लोडेड कॉन्फिगरेशन फाइल’ ही ओळ बघा, तिथला पाथ तोच खरा. वर व्हर्जन ८.१ दिसत असेल आणि पॅकेज ८.३ चं टाकलं असेल तर काहीही उपयोग नाही.

विंडोजवर असाल तर त्याच आयएनआय फाइलीत ‘एक्स्टेन्शन=मायएसक्यूएलआय’ या ओळीच्या आधीचा सेमीकोलन काढा. मग वेब सर्व्हर रीस्टार्ट. एफपीएम (पीएचपी चालवणारी वेगळी सेवा) वापरत असाल तर नुसता एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीस्टार्ट करून भागत नाही, एफपीएमच करायला लागतं.

‘कुड नॉट फाइंड ड्रायव्हर’ आलं तर तो पीडीओचा, म्हणजे डेटाबेसशी जोडायच्या पीएचपीच्या दुसऱ्या पद्धतीचा एरर, दुखणं तेच आणि वरचं पॅकेज त्यालाही चालतं.

आणि जुन्या कोडमध्ये कुठे ‘आय’ नसलेलं मायएसक्यूएल_कनेक्ट असेल तर पॅकेज शोधत बसू नका, डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० पासून ते काढूनच टाकलंय. कोडच बदलावा लागेल, आणि नुसता ‘आय’ चिकटवून चालणार नाही, क्वेरीच्या फंक्शनला आता कनेक्शन आधी द्यावं लागतं. एवढं हात घालताच आहात तर प्रिपेअर्ड स्टेटमेंटच (क्वेरी आणि तिच्यातली माहिती वेगवेगळी पाठवायची पद्धत) वापरा, माझं तरी हेच कळकळीचं सांगणं आहे.

काम झालं की ती पीएचपीइन्फोची फाइल आठवणीने डिलीट करा, सर्व्हरची सगळी माहिती तिच्यात उघडी पडते.