वाचकांचे प्रश्न : एनएफएसवर थिजणारी यंत्रे आणि कोसळणारा कर्नल

प्रश्न : आमचे वागळे इस्टेटमध्ये डाय-मोल्डच्या ड्रॉइंगचे छोटे कार्यालय आहे. सगळी ड्रॉइंग एका एनएएसवर (नेटवर्कवरील सामाईक साठवण-पेटीवर) असून उबुंटू या लिनक्स प्रणालीची यंत्रे ती एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरील फोल्डर स्वतःच्या डिस्कवर असल्यासारखे वापरू देणाऱ्या पद्धतीने, माउंट करतात (जोडून घेतात). नवा स्विच बसवल्यापासून मोठी फाइल सेव्ह करताना यंत्रे थिजतात. एकदा पडद्यावर कर्नलचा (प्रणालीच्या गाभ्याचा) ‘नल पॉइंटर’ असा मजकूर आला व त्यात एनएफएस आणि त्याचे नेटवर्कचे काम करणारा भाग सनआरपीसी ही नावे होती. एक यंत्र तर आपोआप रीस्टार्ट होते. हार्डवेअरवाले ‘सगळे फॉरमॅट करा’ म्हणतात आणि एका परिचितांनी सॉफ्ट माउंट करायला सुचवले आहे. काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या पत्रात तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणे एकच असतील असे धरून चालू नये. फॉरमॅट तर तूर्त मुळीच करू नका, कारण त्याने दोष जाईल की नाही हे सांगता येत नाही, पुरावा मात्र नक्की जाईल.

यंत्र थिजणे म्हणजे कर्नल कोसळणे नव्हे. एनएफएस नेहमीप्रमाणे हार्ड माउंट केलेले असेल, तर सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंत कर्नल तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि तोवर ड्रॉइंगचा प्रोग्राम अडकून पडतो. अशा वेळी लॉगमध्ये ‘सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे’ या अर्थाची ओळ दिसते, आणि एखादे काम 120 सेकंदांहून अधिक काळ अडकले असल्याची सूचनाही येते. ती सूचना वाचायला भयंकर वाटते, पण तिचा अर्थ वाट पाहणे चालू आहे एवढाच असतो.

मोठ्या फाइललाच अडचण येते आणि तीही नव्या स्विचनंतर, यावरून माझा पहिला संशय एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारावर, जातो. एनएएस आणि संगणक दोन्हीकडे 9000 बाइटच्या जंबो फ्रेम (नेहमीच्या 1500 बाइटऐवजी मोठी पॅकेट) चालू असतील, पण स्विचवर त्या चालू केलेल्या नसतील, तर लहान पॅकेट निर्धोक जातात, त्यामुळे माउंट होते, फोल्डरची यादीही दिसते; मोठे पॅकेट मात्र स्विच मुकाट्याने टाकून देतो. हे तपासायला दोन मिनिटे पुरतात. पॅकेटचे तुकडे करू नयेत असा पर्याय देऊन एनएएसला 8972 बाइटचा पिंग (पोहोच तपासणारे पॅकेट) करावा; 9000 मधून आयपी व आयसीएमपीच्या हेडरचे 28 बाइट वजा जातात, म्हणून हा आकडा. साधा पिंग पोहोचतो आणि हा पोहोचत नाही असे आढळले, तर स्विचवर जंबो फ्रेम चालू करा किंवा दोन्ही टोकांना एमटीयू 1500 वर आणा.

सॉफ्ट माउंटचा सल्ला मला मान्य नाही. त्यात ठरावीक प्रयत्नांनंतर कर्नल प्रोग्रामला त्रुटी कळवून मोकळा होतो, पण लिहिताना आलेल्या त्रुटीची दखल न घेणारे प्रोग्राम पुष्कळ आहेत, आणि मग ड्रॉइंग अर्धवट लिहिले गेल्याचे कित्येक दिवसांनी, ग्राहकाने फाइल मागितल्यावर कळते.

‘नल पॉइंटर’ची गोष्ट वेगळी, ते खरेच कर्नलचे कोसळणे आहे. मोबाइलवर काढलेल्या फोटोत बहुधा मजकुराचा शेवटच येतो, आणि उपयोग असतो तो सुरुवातीचा. म्हणून उबुंटूचे लिनक्स-क्रॅशडम्प हे पॅकेज बसवून यंत्र रीस्टार्ट करा. त्यानंतर थोडी रॅम एका दुसऱ्या कर्नलसाठी राखून ठेवली जाते. पहिला कोसळला की दुसरा जागा होतो आणि मेमरीची प्रत व लॉग क्रॅश नावाच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवतो. सगळे काम सेव्ह करून एकदा मुद्दाम क्रॅश घडवून ही व्यवस्था चालते का ते पाहा, नाहीतर खऱ्या वेळी फोल्डर रिकामे सापडेल.

लॉग हाती आला की त्यातला पहिलाच ऊप्स (कर्नलने नोंदवलेला त्रुटीचा अहवाल) वाचा. त्यानंतरचे बहुतेक वेळा त्याचीच पिल्ले असतात. ‘आरआयपी’ने सुरू होणाऱ्या ओळीत कर्नल कोणत्या फंक्शनमध्ये पडला ते लिहिलेले असते. कॉल ट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्या यादीत) ज्या नावांआधी प्रश्नचिन्ह असते ती स्टॅकवर, म्हणजे या नोंदींच्या मेमरीत, राहिलेली जुनी नावे असू शकतात, त्यांवर निष्कर्ष बांधू नका. ‘टेंटेड’ या शब्दापुढे पी किंवा ओ ही अक्षरे असतील, तर ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरसारखे कर्नलबाहेरचे मॉड्यूल लोड झालेले आहे. ते काढून ठेवून पुन्हा पाहावे, कारण एनएफएसच्या फंक्शनमध्ये कोसळला म्हणून दोष एनएफएसचाच ठरत नाही; दुसऱ्याने बिघडवलेली मेमरी त्याच्या वाट्याला आलेली असू शकते. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी कोसळत असेल तर रात्रभर मेमटेस्ट चालवून रॅम तपासा. दर वेळी तेच फंक्शन असेल तर बूट मेनूतून आधीचा कर्नल निवडून काही दिवस काम करा, किंवा एनएफएसची आवृत्ती 4 ऐवजी 3 करून पाहा. पण एका वेळी एकच बदल. जुन्या कर्नलवर त्रास थांबला तर दोन्ही आवृत्त्यांचे क्रमांक आणि तो लॉग उबुंटूचे दोष नोंदवण्याच्या लाँचपॅड या संकेतस्थळावर कळवावा.

राहिले आपोआप रीस्टार्ट होणारे यंत्र. उबुंटूच्या मूळ मांडणीत, क्रॅशडम्प बसवलेले नसताना, पॅनिकनंतर, म्हणजे कर्नल पुरता कोसळल्यावर, यंत्र जागच्या जागी थांबते. स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. त्यामुळे तेथे एनएफएसच्या मागे लागण्याआधी पॉवर सप्लाय, यूपीएसची बॅटरी आणि प्रोसेसरचे तापमान पाहा.

प्रश्न : महापे येथील आमच्या कार्यालयात क्रॅश डम्प (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) आमच्या फाइली असलेल्या एनएफएस सर्व्हरवरच साठवला तर चालेल का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : तशी सोय आहे, पण संशय एनएफएसवर किंवा नेटवर्क कार्डावरच असेल तर ती वापरू नका, डम्प स्थानिक डिस्कवर घ्या. त्या फाइलमध्ये कोसळण्याच्या क्षणीची मेमरी असते, म्हणजे पासवर्ड आणि ग्राहकांची कागदपत्रेही असू शकतात. कोणी मागितली तरी आधी फक्त लॉग पाठवा, पूर्ण डम्प नव्हे.