आइस हॉकीतला मोठा खेळाडू पुढे चांगला कोच होऊ शकतो का?

हो, रॉड ब्रिंडामूरच बघा ना. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगमधल्या कॅरोलिना हरिकेन्स संघाचा हा माजी कप्तान. 2006 च्या फायनलचा सातवा सामना जिंकल्यावर त्याला इतका दम निघेना, की लीगच्या कमिशनरचं बोलणं संपायच्या आतच त्याने विजेत्याचा स्टॅन्ली कप डोक्यावर उचलला!

नावावर 452 गोल, पण माझ्या मते त्याचं खरं मोल बचावात. उत्तम बचाव करणाऱ्या फॉरवर्डला मिळणारी सेल्की ट्रॉफी त्याने सलग दोनदा जिंकली. 2010 मध्ये निवृत्ती. मग त्याच संघात सात मोसम असिस्टंट कोच म्हणून उमेदवारी केली, हे मला फार आवडतं. 2018 मध्ये हेड कोच झाला आणि नऊ वर्षं प्लेऑफ (मोसमाअखेरची बाद फेरी) न पाहिलेला संघ पहिल्याच मोसमात थेट कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे लीगच्या उपांत्य फेरीत नेला. 2021 मध्ये सर्वोत्तम कोचचा जॅक ॲडम्स पुरस्कारही मिळाला.