गाय कुठे क्लासला जाते?

प्रश्न: ताई, बाळ बारा दिवसांचं आहे. पाजायला घेतलं की जीव जातो इतकं दुखतं, निपलला चिरा पडल्यात. सासूबाई म्हणतात, हे काय शिकायचं असतं का, गाय कुठे क्लासला जाते! माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर: अगं कमीबिमी काही नाही. आणि गायीचंच म्हणशील तर गोठा असलेल्या कुणालाही विचार, पहिलारू गाय कधीकधी वासराला सडाला तोंडच लावू देत नाही, लाथा झाडते, मग तिला बांधून वासराचं तोंड सडाला लावून द्यावं लागतं. माकडांचं तर विचारूच नको. अमेरिकेत विस्कॉन्सिनला हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञाने आईविना एकटी वाढवलेली माकडं पुढे स्वतः आया झाली, तर बऱ्याच जणींनी पिल्लाला जवळसुद्धा घेतलं नाही.

उपजत असतं ते बाळाचं. जन्मल्याबरोबर आईच्या पोटावर ठेवलं तर सरकत सरकत छातीपर्यंत येतं, गालाला काही लागलं की तोंड वळवतं. तुझं शरीरही त्याने ओढलं की प्रोलॅक्टिन नावाच्या हार्मोनने दूध बनवतं, ऑक्सिटोसिन या दुसऱ्या हार्मोनने पान्हा फुटतो, ते शिकावं लागत नाही. पण बाळाला धरायचं कसं हे मात्र शिकावंच लागतं. नामिबियातल्या हिंबा बायका लहानपणापासून सगळ्यांना पाजताना बघतात, तरी ब्रूक स्केल्झा या संशोधिकेला बऱ्याच जणींनी सांगितलं की सुरुवातीला दुखलं, जमत नव्हतं. त्या बाळंतपणाला आईकडे जातात आणि आई शेजारी झोपून दाखवते. आपलंही माहेरपण त्यासाठीच ना, फक्त आपल्याकडे डिंकाच्या लाडवांवरच जास्त जोर असतो!

आता नीट बघ. बाळ पूर्ण तुझ्याकडे वळलेलं, पोटाला पोट, नाक निपलसमोर. वरच्या ओठाला निपल लाव आणि थांब, मोठ्ठा आ केला की बाळाला छातीकडे आण, छाती त्याच्याकडे वाकवू नकोस. नुसतं निपल नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा, खालच्या बाजूचा जास्त, हनुवटी छातीला टेकलेली. दुखतच राहिलं तर ओढून काढू नकोस, तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडव आणि परत लाव, कितीदाही.

चोवीस तासांत सहा तरी लंगोट ओले होतायत ना? मग दूध पुरतंय, वरचं चालू करायची घाई नको. कमी होत असतील, किंवा तुला ताप येऊन छाती एका जागी लाल, कडक झाली तर लगेच डॉक्टरांकडे जा, पाजणं मात्र बंद करू नकोस. आणि जाताना सासूबाईंनाही घेऊन जा.