चष्म्यातून 6/6 दिसतं, तरी रात्री दिव्याला शेपटी का फुटते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 23, दोन्ही डोळ्यांना सिलेंडर नंबर, नव्या चष्म्यातून शेवटची ओळही वाचता येते. पण रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याला शेपटी फुटते आणि उजव्या डोळ्याला प्रत्येक अक्षराखाली त्याचीच फिकट सावली दिसते. काचा दोनदा बदलून झाल्या, फरक नाही.

तिसऱ्यांदा बदलू नका. चष्म्याची काच मुख्यतः दोनच दोष काढते: प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) पुढे-मागे एकवटणं, आणि दोन काटकोनी दिशांना वेगवेगळा एकवटणं (तोच सिलेंडर). कॉर्निया (डोळ्याचा सर्वात पुढचा पारदर्शक थर) एका बाजूला जास्त फुगीर असेल, तर एकाच बाहुलीच्या वरच्या आणि खालच्या भागाला वेगळा नंबर लागतो. त्याला कोमा म्हणतात. हा दोष काढणारा आकार काचेत घडवला तरी काच जागेवर राहते आणि डोळा तिच्यामागे फिरतो. नजर जरा सरकली की जुळणी बिघडते.

मग तक्त्यावर 6/6 कसं येतं? तक्त्याची अक्षरं पांढऱ्यावर ठळक काळी, आणि खोलीत उजेड, म्हणून बाहुली लहान. कोमा बाहुलीच्या व्यासाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढतो. बाहुली 3 मिमीची 6 मिमी झाली की दोष आठपट! म्हणजे तो सर्वात कमी असतो तेव्हाच आपण तपासतो. म्हणून ‘6/6 आहे, काही नाही’ या उत्तरावर समाधान मानू नका.

घरी एवढं करून बघा, प्रत्येक डोळा वेगळा, चष्मा पुसून घालून. अंधाऱ्या खोलीत मोबाइलवर काळ्या पडद्यावर पांढरा ठिपका ठेवा, दोन-तीन मीटरवरून बघा आणि जसा दिसेल तसा कागदावर काढा. शेपटी कुठल्या बाजूला, सावली किती अंतरावर, सगळं. मग मान खांद्याकडे कलती करा. शेपटी मानेबरोबर फिरली तर दोष डोळ्यात किंवा चष्म्यात आहे; गाडीच्या काचेवरच्या ओरखड्यांची रेघ मानेबरोबर फिरत नाही. हे चित्र डॉक्टरांना दाखवा. ‘अंधुक दिसतं’ या दोन शब्दांपेक्षा त्यातून कितीतरी जास्त कळतं.

आता पोस्टकार्डाला टाचणीने साधारण 1 मिमीचं भोक पाडा आणि चष्म्यावरूनच, भरपूर उजेडात, त्यातून अक्षरं बघा. सावली गेली, तर दोष अश्रूंच्या थरात, कॉर्नियात किंवा भिंगात आहे. काहीच सुधारलं नाही, तर पडदा आणि नसही तपासून घ्यायला हवी. पापणी मिटल्यावर क्षणभर स्वच्छ आणि काही सेकंदांत पुन्हा फिसकटलेलं दिसत असेल, तर डोळे कोरडे असू शकतात. आधी त्यावर उपचार घ्या, कारण कोरड्या पृष्ठभागावर पुढची मापंही चुकतात. सरळ रेघा, म्हणजे फरशीच्या सांध्या, दाराची चौकट, वाकड्या दिसत असतील तर मात्र वाट बघू नका. तो पडद्याचा प्रश्न असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

तुमच्या वयाला, त्यात सिलेंडर वाढता असेल तर, सर्वात आधी केरॅटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) आहे का ते बघायला हवं. कॉर्नियल टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या उंचसखलपणाचा रंगीत नकाशा काढणारी तपासणी, मागा. कॉर्नियाची मागची बाजू आणि जाडीही मोजणारं यंत्र मिळालं तर उत्तम. कॉर्नियाची वक्रता साधारण 43-44 डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच एकक) आणि मधली जाडी सुमारे 540 मायक्रॉन असते. पण एकट्या आकड्याने घाबरू नका. सर्वात फुगीर आणि सर्वात पातळ जागा एकच आहे का, हे विचारा; एकच असेल तर संशय बळावतो. सॉफ्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी किमान एक-दोन आठवडे बंद ठेवा, कडक लेन्स त्याहून जास्त दिवस. आणि डोळे चोळणं आजपासून बंद! खाज अ‍ॅलर्जीची असेल तर तिचं औषध घ्या.

निदान झालंच, तर क्रॉसलिंकिंगने, म्हणजे कॉर्नियाला बळकट करणाऱ्या उपचाराने, आजार थांबवतात. मूळ पद्धतीत रायबोफ्लेविनचे (ब-2 जीवनसत्त्वाचे) थेंब आणि 30 मिनिटं अतिनील प्रकाश. ते केलं म्हणून सावली जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. दिसणं सुधारतं ते कडक किंवा स्क्लेरल लेन्सने (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी कडक लेन्स). कॉर्नियाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळवतो त्याचा आकडा) 1.376, हवेचा 1, लेन्सखालच्या पाण्याचा 1.336. हवेशी असलेला 0.376 चा फरक 0.040 वर येतो, म्हणून पुढच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा जवळजवळ नव्वद टक्के पुसला जातो. मागच्या पृष्ठभागाचा दोष उरतो, त्यामुळे थोडी सावली राहू शकते. स्क्लेरल लेन्स प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाईनने काठोकाठ भरून, चेहरा जमिनीला समांतर ठेवून लावतात. आत बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा भरायची. नळाचं पाणी कधीही नाही, त्यातल्या अकँथअमीबा या सूक्ष्मजीवाने कॉर्निया जाऊ शकतो.

पहिल्या टोपोग्राफीची रंगीत प्रत जवळ ठेवा. डॉक्टर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतील, तेव्हा शक्यतो त्याच यंत्रावर करा. दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि आजार वाढतोय की नाही हे पहिल्या आणि नंतरच्या मापांतल्या फरकावरच ठरायचं असतं.